त्रेसष्ट ठिकाणी हजर

आमच्या क्रीडा कार्यालयात त्यांना सगळे 'काठोकाठ' म्हणत. पाठीमागे, अर्थात. तोंडावर 'भाऊसाहेब'. हे नाव कुणी ठेवलं याची एकदा चौकशीसुद्धा झाली होती आणि मी कानांवर हात ठेवले होते. ठेवलं मीच होतं. बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसून टायपिंग करणाऱ्या बाईला एवढा हक्क असतोच.

काठोकाठ अशासाठी, की या माणसाने नोकरीत एकही रकाना रिकामा सोडला नाही. अर्ज कुठलाही असो, छापलेल्या रेघा दिसल्या की त्यांचा हात शिवशिवायचा. 'इतर माहिती, असल्यास' या ओळीवर लोक आडवी रेघ मारून मोकळे होतात. भाऊसाहेब तिथे लिहायचे, 'हवामान उत्तम आहे.'

त्याला कारण होतं आणि ते मला त्यांच्या बायकोने सांगितलं. अठराव्या वर्षी त्यांनी शिक्षक होण्यासाठी विद्यालयाचा अर्ज भरला. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी पोरगा अडला. वडील त्याच महिन्यात गेले होते. गेलेल्या माणसाचा व्यवसाय काय लिहायचा? त्याने जागा कोरी सोडली. अर्जावर 'अपूर्ण' असा शिक्का बसला, तो परत आला, वर्ष फुकट गेलं. त्या वर्षापुरता म्हणून तो लाकडाच्या वखारीत लागला आणि सहा वर्षं तिथेच चिकटला. शिक्षक व्हायचं राहूनच गेलं. तेव्हापासून रकाना दिसला की भरायचा, खरंखोटं नंतर.

आता ही सवय एकट्याची असती तर निभावलं असतं. पण आमचं अख्खं कार्यालय त्याच वळणाचं. दरवर्षी वाहनांचा अहवाल वर जातो, त्यात मोटार, दुचाकी यांच्याखाली 'घोडे' असा एक रकाना आहे. कुठल्या जमान्यातला, देव जाणे. गेल्या वर्षी 'दोन' लिहिलं होतं म्हणून भाऊसाहेब यंदाही 'दोन' लिहायचे. एका वर्षी मुख्यालयाने विचारलं, घोड्यांची प्रकृती कशी आहे? त्यांनी कळवलं, 'ठणठणीत.' महिन्याभरात वाळलेल्या गवताचे दोन भारे कार्यालयात येऊन पडले. शिपाई अजून त्यावर बसून जेवतो.

अशा माणसाच्या हातात आंतरराष्ट्रीय युवा क्रीडास्पर्धेचा प्रवेशअर्ज आला. घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

आमचा देश लहान. अकरा मुलं निवडली होती, नऊ प्रकारांसाठी. अर्जात प्रकार होते त्रेसष्ट, आणि प्रत्येकासमोर खेळाडूच्या नावाची चौकट. खाली बारीक अक्षरात छापलं होतं: 'अपूर्ण अर्ज स्वीकारला जाणार नाही.' ती ओळ वाचून भाऊसाहेबांना तो अठराव्या वर्षीचा शिक्का आठवला असणार. त्यांनी अकरा नावं घेतली आणि पत्ते वाटावेत तशी त्रेसष्ट चौकटींत वाटून टाकली. साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही केली. आणि टाइप कुणी केलं? मी. नौकानयनासमोर वजन उचलणाऱ्या पोराचं नाव पाहून माझी बोटं क्षणभर थांबली होती, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, असेल काही पद्धत, आणि पुढची ओळ घेतली.

पथकात पाच मुली होत्या म्हणून सोबत बाई हवी, ती मी. पथकाचे व्यवस्थापक भाऊसाहेब, कारण निवृत्तीला सात महिने उरले होते आणि ते कधी विमानात बसले नव्हते. साहेबांना तेवढीच दया सुचली.

या अकरा जणांत खरी आशा एकीचीच. तिला आम्ही मुंगी म्हणायचो. सोळा वर्षांची, अंगाने काडी, बाप पावाच्या भट्टीवर कामाला. तिचा प्रकार चालण्याची शर्यत. हा खेळ पाहणाऱ्याला हसू येतं, कारण पोरी कंबर हलवत, घाईघाईने बस पकडायला निघाल्यासारख्या दिसतात आणि धावायची मात्र बंदी. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय सुटलेले दिसले की पंच ताकीद देतो, तिसऱ्या ताकिदीला घरी. मुंगी सहा वर्षं त्यात खपली होती. पहिल्या आठांत आली तर राष्ट्रीय प्रशिक्षण विद्यालयात राहण्या-जेवण्यासकट जागा आणि शाळाही तिथेच. नाही आली तर एक तारखेपासून बापाबरोबर भट्टीवर. बापाने हे रागाने सांगितलं नव्हतं. घरात खाणारी तोंडं सात, त्याचा तरी काय इलाज होता?

आम्ही उतरलो, ओळखपत्रांच्या खिडकीशी गेलो. आतली मुलगी आमच्या देशाचं नाव वाचून उभीच राहिली. तिने आणखी दोघांना हाक मारली. "त्रेसष्टच्या त्रेसष्ट प्रकारांत उतरणारा तुमचा एकमेव देश आहे!" ती म्हणाली. "बाकीचं पथक मागच्या विमानाने येतंय का?"

भाऊसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे बंब उभा होता. बंब म्हणजे आमचा वजन उचलणारा, एकशे आठ किलोचा. त्याच्यामागे कुणीच नव्हतं.

नावं बदलायची मुदत संपली होती. वगळायचीही संपली होती. नियमावलीच्या चौदाव्या पानावर लिहिलं होतं, की नोंदवलेल्या एका जरी प्रकारात खेळाडू सुरुवातीच्या रेषेवर हजर नसेल, किंवा शर्यत असून ती रेषा ओलांडणार नाही, तर पूर्ण पथक बाद आणि सर्व निकाल रद्द. मुंगीची शर्यत शेवटच्या दिवशी होती. म्हणजे नऊ दिवस, एकही गैरहजेरी न होता, अकरा पोरांना त्रेसष्ट ठिकाणी उभं करायचं. तेव्हा कुठे तिला चालायला मिळणार, आणि चाललेलं हिशेबात धरलं जाणार.

मी त्यांना नाही नाही ते बोलले. भर वसतिगृहाच्या जिन्यात बोलले. ते ऐकून घेत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "ताई, टाइप करताना तुम्ही विचारलं असतंत तर..."

त्या रात्री जेवणाआधी त्यांनी मुलांना खोलीत गोळा केलं. दोन मजली पलंग, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले मोजे, टेबलावर इस्त्री, आणि त्यातच अकरा पोरं दाटीवाटीने. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून भाऊसाहेबांनी त्यावर त्रेसष्ट चौकटी आखल्या होत्या आणि तो जखमेला लावायच्या चिकटपट्टीने कपाटाला डकवला होता.

"बाळांनो, चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुमची नाही, या मावशींचीही नाही. माझी. आता असं करायचं. जिंकायचं नाही. ज्याचा जो खेळ आहे तो त्याने खेळावा, पण बाकी ठिकाणी नुसतं हजर राहायचं. रेषेवर उभं राहायचं, इशारा झाला की एक पाऊल पुढे टाकायचं. नंतर तुमची मर्जी."

"काका, पाण्यात पाऊल कसं टाकायचं?" बंबने विचारलं.

"ते पाण्याजवळ गेल्यावर बघू."

आणि सुरू झालं. दिवसाला सात-आठ ठिकाणं. सकाळी सहाला पहिली बस. भाऊसाहेब पुढे, हातात पुठ्ठ्याची नक्कल, मागे मुलं, सगळ्यात मागे मी, पिशवीत अकरा जणांचे बूट, चष्मे आणि औषधं.

पहिल्या दिवशी उंचावरून पाण्यात उडी. टेबल टेनिस खेळणाऱ्या दोन जुळ्या बहिणी होत्या आमच्याकडे, त्यांतल्या थोरलीचं नाव तिथे पडलं होतं. थोरली म्हणजे अकरा मिनिटांनी. ती फळीच्या टोकाशी गेली आणि सहा मिनिटं तशीच उभी राहिली. शेवटी तिने खाली बसून, नाक धरून, खुर्चीवर बसल्या बसल्या पडावं तशी स्वतःला पाण्यात सोडली. सहा पंचांनी शून्य दिलं. सातव्याने अर्धा गुण दिला आणि बाकीचे त्याच्याकडे रागाने पाहत राहिले.

तलवारबाजीत बंबच्या मापाचा पोशाखच नव्हता. पाठीमागून दोऱ्या बांधून त्याला कसाबसा आत बसवला. समोरच्या पोराने चाळीस सेकंदांत पंधरा वेळा टोचलं. बंबने प्रत्येक वेळी त्याचे आभार मानले. तिरंदाजीत धाकट्या जुळीचा बाण थेट मध्यभागी लागला, शेजारच्या निशाण्यावर. शेजारची मुलगी रडायला लागली, कारण तिच्या निशाण्यावर एक बाण जास्त निघाला आणि कुणाचा कुठला ते ठरवायला तासभर गेला. घोडेस्वारीत आमचा शंभर मीटर धावणारा पोरगा यजमानांच्या घोड्यावर बसला. घोडा जागचा हलला नाही. पंचेचाळीस सेकंदांनी घंटा झाली, पोरगा उतरला, घोड्याच्या मानेवर थोपटलं. मी भाऊसाहेबांना म्हटलं, "आपले दोन आणायला हवे होते." त्यांना त्याही स्थितीत हसू आलं.

खरी धास्ती मुंगीची होती. तिचं नाव तिच्या शर्यतीखेरीज आणखी पाच चौकटींत होतं आणि त्यांतली एक होती ज्युदोची. पाय मुरगळला की सगळा खेळ खलास. भाऊसाहेबांनी तिला आदल्या दिवशी वसतिगृहाच्या गॅलरीत तयार केलं. ती चटईवर गेली, वाकून नमस्कार केला, आणि इशारा होताक्षणी स्वतःहून पाठीवर अलगद झोपली. समोरची मुलगी अजून दोन हात लांब होती. ती बिचारी पंचाकडे पाहायला लागली. पंच दुसऱ्या पंचाकडे. मुंगी छताकडे पाहत स्वस्थ पडलेली. शेवटी समोरचीला विजयी घोषित केलं, तर ती म्हणाली मी काही केलेलंच नाही. तिची समजूत काढायला तिचे प्रशिक्षक आत आले.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला. अंगाचा नुसता तिळपापड. देशाची अब्रू गेली, परत या, चौकशी लावतो. भाऊसाहेब 'हो साहेब, हो साहेब' करत पुठ्ठ्यावर खुणा करत राहिले. पाचव्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्राने आमच्यावर अर्धं पान छापलं, 'कुठेही न चुकणारा देश' म्हणून. त्यानंतर लोक आमच्या मुलांना पाहायला यायला लागले. बंब भाला घेऊन आला की टाळ्या. संध्याकाळी साहेबांचा पुन्हा फोन. आवाजात साखर. म्हणाले, सर्व प्रकारांत सहभाग हे आपलं पहिल्यापासूनचं धोरण होतं, असं मी इथे सांगितलंय, तुम्हीही तसंच सांगा. चित भी मेरी, पट भी मेरी!

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी पाहत होते. रोज संध्याकाळी मुंगी वसतिगृहामागच्या रस्त्यावर सराव करायची आणि भाऊसाहेब त्या वेळी दुसऱ्या दिवसाच्या कागदांवर सह्या करत कार्यालयांच्या रांगेत उभे असायचे. त्यांच्या टाचांना फोड आले होते. जेवण बहुतेक उभ्यानेच. त्यांनी तिला एकदाही चालताना पाहिलं नव्हतं. मला म्हणायचे, "शेवटच्या दिवशी फक्त तिचीच शर्यत आहे. त्या दिवशी मी अगदी दोरीला चिकटून उभा राहणार. पाचही फेऱ्या बघणार."

सातव्या दिवशी तळ्यावर वारं सुटलं आणि नौकानयन पुढे ढकललं. कधीवर? शेवटच्या दिवशी, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. मुंगीची शर्यत नऊला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. रस्त्यावरच्या शर्यतीची सही आदल्या दिवशी चालते, पण पाण्यात उतरणाऱ्या मुलासाठी व्यवस्थापकाने स्वतः काठावर उभं राहायचं असा नियम, आणि सही फक्त भाऊसाहेबांचीच नोंदलेली. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "तुम्ही तिच्याबरोबर जा. मी बंबला घेऊन जातो."

शेवटचा दिवस. एकसष्ट खुणा झाल्या होत्या, उरली होती बंबची बोट. आणि मुंगी, जिची चौकट पहिल्या दिवसापासून पुठ्ठ्याच्या खाली वेगळी, मोठी आखून ठेवली होती.

एक किलोमीटरच्या पाच फेऱ्या. एकवीस मुली. बार झाला आणि तो घोळका कंबरा हलवत निघाला. मी दोरीशी उभी, कानाला फोन.

"ताई, निघाली का?"

"निघाली. गर्दीत आहे. बंब?"

"बसवलाय बोटीत. फार अरुंद आहे हो. पाणी अगदी कडेला आलंय."

पहिली फेरी संपली. मुंगी नववी. मी ओरडून सांगितलं, पण तिकडून भलतंच ऐकू येत होतं.

"अरे, तिकडे नाही! पाठीमागे! पाठीमागे जायचंय!"

झालं होतं असं, की त्या बोटीत माणसाची पाठ शर्यतीच्या दिशेला असते. तोंड मागे, जायचं पुढे. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बंबने साधा विचार केला, आपण जिकडे बघतोय तिकडे जायचं. इशारा झाल्यावर बाकीच्या बोटी सुसाट रेषा ओलांडून गेल्या आणि आमचा बंब वल्ही उलटी ढकलत, सगळी ताकद लावून, काठाकडे भाऊसाहेबांच्या दिशेने यायला लागला.

"तो माझ्याकडेच येतोय, ताई!"

"त्याला वळवा!"

"हात लावायचा नाही असा नियम आहे!"

दुसऱ्या फेरीत मुंगी सातवी आली. एक ताकीद मिळाली होती. तिसऱ्या फेरीत सहावी. तिची मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले, टाच आधी आणि मग पाऊल, टाच आधी आणि मग पाऊल. माझ्या डाव्या डोळ्याला ती दिसत होती आणि उजव्या कानात बंब बुडत होता. ही पोर इथे जीव तोडून चालतेय आणि तिकडे ती बोट रेषेपलीकडे गेली नाही, तर हे सगळं पुसून टाकणार. मला त्या तळ्याचा, त्या नियमांचा, त्या टायपिंगच्या मशीनचा असा संताप आला की मी दोरीच हलवायला लागले. शेजारचा गणवेशातला माणूस म्हणाला, बाई, दोरी सोडा.

"कशी चाललीय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"पाचवी! बोट?"

"एक वल्हं गेलं पाण्यात. पण उरलेल्या वल्ह्याने ती गोल फिरतेय. फिरत फिरत रेषेकडे... बंब, काही करू नकोस! हात वर ठेव! वारा नेतोय, नेऊ दे! कितवी म्हणालात?"

"पाचवी! दोन ताकिदी झाल्यात!"

"ताई, शेपूट गेलं! बोटीचं शेपूट रेषेच्या..."

आणि माझ्या फोनची बॅटरी संपली.

शेवटची फेरी मी कशी पाहिली, सांगता येणार नाही. एकीला मागे टाकून ती चौथी झाली. शेवटच्या वळणावर तिच्या पुढच्या उंच मुलीला पंचाने तिसरी ताकीद दिली. ती मुलगी तिथेच रस्त्यात बसली आणि मुंगी तिच्या बाजूने निघून गेली. तिसरी. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा असेल असं मला वाटलं नव्हतं. फलकावर तिचं नाव लागलं आणि त्यापुढे शब्द आला, 'तात्पुरता'. मुंगीने तो वाचला. तिला सगळं माहीत होतं. ती माझ्या शेजारी फुटपाथवर बसली आणि बुटाची नाडी सोडायला आणि बांधायला लागली.

तळ्यावर काय झालं ते नंतर बंबने सांगितलं. बोट रेषेपलीकडे गेली होती, पण उलटी, शेपूट पुढे करून, शर्यत संपल्यावर सात मिनिटांनी. चार अधिकारी जमले. एक म्हणाला, याला ओलांडणं म्हणत नाहीत. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे नोंदीचा कागद मागितला. त्यावर छापलं होतं, 'सुरुवातीची रेषा ओलांडली: होय / नाही'. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "बोटीचं कुठलं टोक आधी, हे विचारणारी ओळ मला दाखवा. किती वाजेपर्यंत, ती ओळ दाखवा. नसेल तर कागदाने जेवढं विचारलंय तेवढंच उत्तर लिहा." बत्तीस वर्षांची नोकरी त्या माणसाच्या पाठीशी उभी राहिली. अधिकाऱ्यांनी कागद उलटून पाहिला, सुलटून पाहिला, आणि 'होय'वर खूण केली.

पंचवीस मिनिटांनी फलकावरचा 'तात्पुरता' गेला. मुंगी त्या फलकाकडे बघत राहिली, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देत रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात.

पदक देताना भाऊसाहेब पोहोचले नाहीत. बंबला कोरडे कपडे मिळवून देण्यात आणि हरवलेल्या वल्ह्याच्या कागदावर सह्या करण्यात त्यांची बस चुकली.

परतीच्या विमानात ते माझ्या शेजारी होते. सारखं विचारत होते.

"पहिल्या फेरीत कितवी?"

"नववी. सांगितलं ना."

"हात कसे हलवत होती? चेहरा कसा होता?"

"घामाघूम होता. शर्यत होती, भाऊसाहेब, लग्न नव्हतं."

"ताई, तुम्ही नीट बघितलंच नाही."

"एका कानाने बोट ऐकत होते मी!" मी डाफरले. "कसं बघणार नीट?"

ते खिडकीकडे वळले. तिकडेच बघत हळू म्हणाले, "नऊ दिवस मी सगळं बघितलं. ढालतलवार बघितली, घोडे बघितले. जिच्यासाठी केलं तेवढंच राहिलं. असंच होतं माझं." मला फार वाईट वाटलं. मागच्या रांगेत मुंगी बसली होती, तिनेही ऐकलं.

मधे विमान बदलायचं होतं, तीन तास थांबा. आम्ही एका लांबलचक प्रतीक्षागृहात बसलो होतो. गुळगुळीत फरशी, खुर्च्यांच्या रांगा, चाकांच्या बॅगा ओढणारी माणसं. मुंगी उठली. बूट घट्ट बांधले. मुलांशी काहीतरी कुजबुजली आणि भाऊसाहेबांसमोर येऊन म्हणाली, "काका, त्या खांबापासून या दारापर्यंत. दहा वेळा गेलं की एक फेरी धरा. बसा इथेच."

बाकीची पोरं खांबाशी ओळीत उभी राहिली. बंबने जुळ्यांची लाल बॅट घेतली आणि पंच झाला. तोंडाने 'ठो' केलं. सगळी निघाली. शंभर मीटरवाला पहिल्याच वळणावर थांबला, घोड्यासारखा जागच्या जागी उभा राहिला. एक एक जण गळत गेला. मुंगी मात्र खरंच चालत होती. माणसांच्या बॅगा चुकवत, मान ताठ, टाच आधी आणि मग पाऊल. तिने नववीचं सातवी होताना दाखवलं, सहावी होताना दाखवलं. बंबने बॅट वर करून ताकीद दिली तशी तिने तोंड वाकडं केलं, अगदी त्या दिवशी केलं होतं तसंच. तेव्हा मला आठवलं, की हे मी पाहिलं होतं.

भाऊसाहेब खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते. गुडघ्यांवर हात, तोंड थोडं उघडं. गणवेशातला एक रखवालदार आला, हे काय चाललंय म्हणाला. भाऊसाहेबांनी त्याच्याकडे न पाहताच सांगितलं, "थांबा हो, तिसरी फेरी आहे." तोही थांबला. मग प्रवासी थांबले. एका म्हाताऱ्या बाईने आपली बॅग वाटेतून बाजूला ओढून घेतली. शेवटच्या फेरीत धाकटी जुळी उंच मुलगी झाली होती, बंबने तिला बॅट दाखवली आणि ती फरशीवर बसकण मारून इतकी सुंदर रडली की दोन माणसं तिला उठवायला धावली. मुंगी तिच्या बाजूने निघून गेली.

त्याच सुमारास वरून घोषणा झाली. आमच्या विमानाची, आमच्या देशाचं नाव घेऊन, शेवटची हाक. मी ती स्वच्छ ऐकली. मी काही बोलले नाही.

मुंगी दारापाशी पोहोचली, गर्रकन वळली आणि धापा टाकत भाऊसाहेबांसमोर येऊन उभी राहिली. "अशी, काका." ते उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

आम्ही विमानाच्या दाराशी गेलो तेव्हा ते बंद झालं होतं. काउंटरवरच्या मुलीने घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "तीन तास तुम्ही इथेच होतात ना? मग उशीर कशाने झाला?"

मी काहीतरी थाप मारायला पुढे सरसावले. भाऊसाहेबांनी मला हाताने थांबवलं. त्यांचे डोळे अजून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"आमची मुलगी चालत होती," ते म्हणाले.